वांग्यावर टाकलेली जाळी

शालिग्राम,

कोंबड्यायच्या खुराड्यावरची जाळी काढून तू वांग्याच्या रोपावर काऊन टाकली बे? आज दुपारी घारीनं दोन पिल्लं नेली. तिसऱ्यावर झडप घातली, तं तुही बायको मधात धावली अन् घारीनं तिचा हात फाडला. सातवा महिना आहे तिले! तरी मलेच म्हणे, "जाळी वाऱ्यानं उडाली असन, आक्का. त्यायले बोलू नका."

मी बोलीन.

गीताले बैलगाडीनं अमडापूरले डॉक्टरकडे नेऊन राह्यली. उरलेली पिल्लं डालग्याखाली झाकली आहेत. पहिले जाळी जागेवर बांध, मंग सायकलनं तिकडे ये. भाकर खात बसू नको. गाडीत बसेपर्यंत ती तुह्याच वाटेकडे पाहून राह्यली होती.

सोजराआक्का