चार माणसांपुरती हवा

प्रिय मेहुणे यांस सप्रेम नमस्कार.

तुमची तब्येत ठणठणीत असणार. बिघडली असती तर तुम्ही आपल्या आईंना कधीच बोलावून घेतलं असतं. इकडे सगळे बरे आहेत, फक्त पोटावर पाय यायची वेळ आली आहे.

झालं असं, की घरी बसून दुकानाचे कोट शिवणाऱ्यांच्या खोल्या तपासायला आरोग्य खात्याचा माणूस आला. (तो नेमका आमच्याच दारापासून सुरू का झाला? समोरची बटणवाली त्या दिवशी भलतीच गोड हसत होती.) त्याने टेप लावून खोली मोजली, खाटेखाली वाकून पाहिलं, इस्त्रीतले कोळसे हुंगले आणि सांगितलं की इथे हवा चार माणसांपुरतीच आहे, पाचवं राहत असेल तर शिवणकाम बंद. आता मी, तुमची बहीण आणि दोन मुली, झालो चार. आईंना आम्ही कुणकुण लागताच दोरीवरच्या कोटांमागे स्टुलावर बसवलं होतं. तो "चार" लिहून निघणार, तोच कोट बाजूला सारून त्या बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "आणि मला नाही मोजलंत? मी काय भिंत आहे?"

तुमची बहीण म्हणते, आई भोळ्या आहेत. मला तसं वाटत नाही. (आदल्याच दिवशी मी आमटीला नाव ठेवलं होतं.) आणि बहीणही त्यांना सामील असावी, कारण ती तोंडाला पदर लावून हसत होती. तो माणूस सोमवारी पुन्हा येणार आहे. पाच दिसले तर दुकानदाराला कळवणार, आणि त्याने कापड थांबवलं की आमची चूल थांबली. खरं सांगतो, मी घाबरलो आहे.

लोभ आहेच असं धरून चालतो.

तुमच्या बहिणीचा नवरा

ता. क. आईंना रविवारी तुमच्याकडे पोचवतो. मंगळवारी परत न्यायला येईन. त्यांना लेकाची फार आठवण येते. (असं त्या म्हणाल्या नाहीत, पण येत असेल.)

आणखी ता. क. मंगळवार म्हणजे मंगळवारच. दुकानदार आम्हाला कापड देतो ते आईंच्या हातच्या काजांसाठी, माझी शिवण पाहून त्याने कधीच हात आखडला असता. वहिनींनी नवं शिलाई मशीन घेतल्याचं कानावर आलं आहे. म्हणून आईंचा चष्मा इथेच ठेवून घेणार आहे. त्या विचारतील, तुम्ही नुसतं शोधल्यासारखं करा.