टेव्हिनचं सॅलड

मेम्फिस, २५ मे

चि. व्हर्डेलला अ. उ. आ.

टेव्हिन पोलिसांच्या गोळीने गेला त्याला आठ महिने झाले. तेव्हापासून तू पोराचं नावही घेतलेलं नाहीस, फोनवर तर नुसते हुंकार देतेस. म्हणून हे पत्र.

तुमच्या गावच्या मिस ओपलचा फोन आला होता. तिचाही मुलगा असाच गेलेला. अशा अकरा आया तळ्याकाठी जमतात. ज्याचा वाढदिवस, त्याच्या आईने त्याच्या आवडीचं करून न्यायचं आणि त्याच्याविषयी बोलायचं. येत्या सहा तारखेला टेव्हिनला तेविसावं सरलं असतं. जा बाई. नाही गेलीस तर मी येऊन तुला उचलून नेईन, आणि माझ्या गुडघ्यांचं पाप तुझ्या माथी.

तुझी ताई,
अर्नेस्टीन

लार्चफील्ड, ३० मे

ती. अर्नेस्टीनताईस सा. न. वि. वि.

गुडघे सांभाळ, मी जायची नाही. मिस ओपल भली आहे. दर मंगळवारी येते, सांत्वनाचा शब्द न काढता भांडी घासून जाते. पण चारचौघींत त्याचं नाव घेतलं तर मी कोसळेन. शिवाय त्याच्या आवडीचं म्हणजे मनुका घातलेलं बटाट्याचं सॅलड. आपल्या काळ्या लोकांत या सॅलडमध्ये मनुका घालणं म्हणजे महापाप; ते नेलं तर पोराची उरलीसुरली अब्रूही जाईल.

राग धरू नकोस.
व्हर्डेल

लार्चफील्ड, ७ जून

ती. ताईस सा. न. वि. वि.

गेले एकदाची. मनुकाही घातल्या. झाकण काढताच सगळ्या पातेल्यात डोकावल्या. लॉरेटा नावाच्या बाईने विचारलं की हा गुन्हा कोणी केला. दुसरी म्हणाली, याचा जाब वर द्यावा लागेल.

माझं डोकंच फिरलं. उभी राहून सांगितलं की माझ्या टेव्हिनला हेच आवडायचं, सहा वर्षांचा असताना चर्चच्या जेवणात त्याने अर्धं पातेलं फस्त केलं होतं, आणि टेव्हिनच्या आवडीला नावं ठेवणाऱ्यांची माझ्याशी गाठ आहे. ताई, त्याचं नाव वीसदा तरी घेतलं असेल. तोंड भरून भांडले. मिस ओपल हसता हसता रडायला लागली, मग मीही. फार बरं वाटलं. लॉरेटाने दोनदा वाढून घेतलं आणि दोन्ही वेळा वाईट म्हणाली.

परतताना बसमध्ये शेजारच्या बाईने मुलंबाळं विचारली. एरवी मी मान फिरवते. काल सांगितलं, एक मुलगा आहे, टेव्हिन, आज त्याचा वाढदिवस. तिने त्याला शुभेच्छा कळवायला सांगितल्या. मी हो म्हटलं, आणि घरी येऊन कळवल्या.

माया आहे तशीच असू दे.
तुझी व्हर्डेल