कारखान्यामागच्या दोन खोल्या

दि. ४ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला, कान धरतो. फोनवर सांगितलं असतं, पण आपल्या घराण्याला फोन लाभत नाही. आईला तर फोनवर काहीही विचारा, ती "हो हो, जेवलास का" म्हणते आणि ठेवून देते.

आईला इथे येऊन महिना होत आला. प्रकृती ठणठणीत आहे. बाबा गेल्यावर तिला त्या दोन खोल्यांत एकटीला ठेवायचं नाही हे आपण दोघांनी मिळून ठरवलं, आणि मी मोठ्या हौसेने तिला घेऊन आलो. आमचं घर तू पाहिलंच आहेस. चौथा मजला, गल्लीचं शेवटचं टोक, पुढे रस्ताच नाही. रेडिओवर दिवसभर कानाला यंत्र लावून लोकांचे आवाज नीटनेटके करायचे, म्हणजे घरी आल्यावर पंख्याचीही कुरकुर नको वाटते. म्हणून तर हे घर घेतलं.

आता या घरात आई बोलते. ताई, ती साखर कुठे आहे असं विचारते तेव्हा कपाटातल्या बश्या किणकिणतात. आमची रांगती बुटकी दचकून उठते, उठली की भोकाड पसरते, मग हिचं काम राहतं. हिला घरी बसून छपाईची पानं तपासायची असतात, एक काना सुटला तरी लेखक डोक्यावर बसतात. ही काही बोलत नाही. तीच तर पंचाईत आहे. आई फार बोलते आणि ही मुळीच बोलत नाही, आणि मी मधल्या मधे दाराची बिजागरी झालोय.

काल आईने जाहीर केलं की ती परत खोल्यांवर राहायला जाणार. कारण विचारलं तर म्हणाली, इथे माझ्याशी कुणी बोलत नाही. मी अर्धा तास तिच्याशीच बोलत होतो गं!

तू थोरली, तूच काहीतरी सुचव. भावजींना नमस्कार. माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
धाकटा

दि. ११ जून

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून आधी पोट धरून हसले, मग लगेच कागद घेऊन बसले.

अरे, तू विसरलास का आपण कुठे वाढलो ते? पुढे बाबांचा पत्र्याचा कारखाना आणि मागे लाकडी फळ्यांच्या भिंतीआड आपला संसार. सकाळी पहिला ठोका पडला की संध्याकाळी दिवे लागेपर्यंत ठाण् ठाण् चालू. त्या आवाजावर मात करून आईने आपल्याला जेवायला बोलावलं, पाढे घोकून घेतले, तापात आपली समजूत काढली. प्रेमाचं बोलायचं तरी ओरडूनच बोलायचं. शाळेतल्या बाई मऊ बोलायच्या तर मला वाटायचं यांना बरं नाही. आईचा तो आवाज रागाचा नाही रे, पत्र्याचा आहे.

आणि जिथे ओरडूनही भागायचं नाही तिथे हात होते. मूठ उघडमीट केली की दूध. छातीवर दोन बोटं आपटली की इकडे ये. कानापाशी हात फिरवला की बाबांचं डोकं फिरलंय, आज काही मागू नका. पाहुण्यांच्या समोर आपण तिघं कितीदा हातांनी भांडलो आणि पाहुण्यांना पत्ताही नाही! माझ्या बाहुल्यांच्या खेळांचं लोक कौतुक करतात, विचारतात हातात ही भाषा कुठून आली. मी त्यांना कोणत्या गुरूचं नाव सांगू? बादल्या ठोकणाऱ्या घरात राहिले, एवढंच खरं.

तुझंही तसंच. हातोडीच्या आवाजावरून बाबा डबा करताहेत की नरसाळं, हे तू पाळण्यातून उतरल्यापासून सांगायचास. तुझा कान त्या गोंगाटातच तयार झाला, आणि त्याच गोंगाटाला विटून तू चौथ्या मजल्यावर जाऊन बसलास. मी काही टोचून बोलत नाही, माझंही असंच आहे. मला अजून शांत खोलीत झोप लागत नाही, भावजी तुझे बिचारे म्हणूनच घोरतात असं मी मानते.

आईला जाऊ देऊ नकोस. पण जबरदस्तीही करू नकोस. आमच्या वहिनीबाईंना सांग, आईचा आवाज अंगाला लावून घेऊ नका. बुटकीचे खूप पापे.

जसा आहेस तसाच आवडतोस, तरी थोडा सुधार.

तुझी,
ताई

दि. २० जून

चि. मोठीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र धाकट्याने दिलं. मी इकडे सुखरूप आहे. खायला-प्यायला कमी नाही, गादी इतकी मऊ की उठताना कुणीतरी ओढायला लागतं. मुलगा गुणी आहे, सून कामसू आहे. तक्रार म्हणून लिहीत नाही.

पण मोठे, हे घर कापसाचं आहे गं. सकाळी उठावं तर काही सुरूच होत नाही. तिकडे पहिला ठोका पडला की मला कळायचं, हे कामाला बसले, आता चहा टाकायचा. इथे दिवस कुठून सुरू होतो आणि कुठे संपतो, काही ठाव लागत नाही.

सूनबाई माझ्याशी बोलत नाही. कागदात मान घालून बसते. कधी ओठ हललेसे वाटतात, मी विचारते काय म्हणालीस, तर ती मान हलवून आत जाते. मी काय चुकले ते तरी सांगावं. धाकटाही पुटपुटतो. लहानपणी किती खणखणीत बोलायचा! बायकोला भितोय की मी त्याला जड झालेय, देव जाणे.

एक बुटकी तेवढी माझी आहे. मला बघितलं की हात नाचवते.

तू असं कर, एक दिवस जाऊन खोल्या झाडून ठेव. खिडकीची कडी बसत नव्हती ती बघ. कारखाना आता यांच्या भागीदाराकडे आहे, तो चांगला माणूस आहे, मागच्या दाराची किल्ली देईल. धाकट्याला एवढ्यात बोलू नकोस, त्याला वाईट वाटेल.

जावईबापूंना आशीर्वाद. पोरींनो-पोरांनो, तुम्ही सुखात असा, मला दुसरं काही नको.

तुझी,
आई

दि. २ जुलै

ती. वन्संना,
सा. न. वि. वि.

मी आजवर तुम्हाला पत्र लिहिलं नाही, ह्यांच्या पत्राखाली नमस्कार लिहून मोकळी व्हायचे. आज मात्र मीच लिहायला बसले, ह्यांना सांगितलंय मधे डोकावू नका.

गेल्या आठवड्यात एका दुपारी मी तपासलेली पानं खाली छापखान्याच्या माणसाकडे द्यायला गेले होते. परत येताना जिन्यातच बुटकीचं रडणं ऐकू आलं. धावत आले. आई खिडकीकडे तोंड करून कपड्यांच्या घड्या घालत होत्या, अगदी शांतपणे. आणि त्यांच्या मागे, टेबल आणि भिंत यांच्या फटीत बुटकी अडकलेली, रडून रडून लालबुंद. खरं सांगते, क्षणभर माझं डोकं भणाणलं. पण आई वळल्या, त्यांना तिचा चेहरा दिसला, आणि त्यांच्या हातातल्या घड्या खाली पडल्या. आईंचा तो चेहरा पाहिला आणि माझा राग जागच्या जागी विझला. त्यांना ऐकूच आलं नव्हतं, वन्सं. आम्ही एवढे दिवस एका घरात राहतो, आणि माझं बोलणं त्यांच्यापर्यंत पोचतच नव्हतं. त्या समोरच्याच्या ओठांवरून ओळखतात, आणि मी मान खाली घालून बोलते.

मला मोठ्याने बोलताच येत नाही. माझे वडील रात्रपाळीला जायचे आणि दिवसा झोपायचे. आम्ही भावंडं चवड्यांवर चाललो, कुजबुजत भांडलो, हसू आलं तर उशीत तोंड खुपसलं. घरात पान उलटल्याचा आवाज चालायचा, म्हणून मी पुस्तकंच वाचत राहिले आणि त्याचंच पुढे काम झालं. त्या घराने मला पोटापाण्याला लावलं. पण काही खुपलं तर बोलायचं कसं, ते तिथे शिकायचं राहून गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई पिशवी भरून दारात उभ्या. म्हणाल्या, पोरीला माझ्या भरवशावर ठेवू नका, मी निघते. हे आंघोळीला गेलेले. मी नेहमीच्या आवाजात जाऊ नका म्हटलं, त्यांना कळलं नाही. तीनदा म्हटलं. त्या चपला घालायला लागल्या. मग काय झालं कुणास ठाऊक, आयुष्यात पहिल्यांदा मी बेंबीच्या देठापासून ओरडले, की आई, तुम्ही कुठेही जायचं नाही, मला तुम्ही इथे हव्या आहात! समोरच्या बाई दार उघडून बाहेर आल्या. हे साबणासकट बाहेर आले. आणि आई माझ्याकडे बघतच राहिल्या. मग म्हणाल्या, अगं, इतका चांगला आवाज आहे, मग एवढे दिवस बोलली का नाहीस?

आम्ही दोघी दारातच हसत सुटलो, आणि मग रडलो.

आणखी एक सांगायचंय. त्या गडबडीत बुटकी जमिनीवर बसून मूठ उघडमीट करत होती. मला वाटायचं खेळतेय. आईंनी बघितलं आणि सरळ दुधाची वाटी आणली. अजून एक शब्द बोलत नाही, पण आजीकडून ती हातांनी मागायला शिकलीय! आता बुटकी झोपली की मी आणि आई हातांनीच बोलतो. कालच आम्ही ह्यांच्यासमोर बसून ह्यांचीच थट्टा केली, पण ह्यांना ती भाषा येते हे मी विसरले.

आईंना कानाच्या डॉक्टरांकडे नेतोय. आधी नाही म्हणत होत्या, मी पुन्हा एकदा ओरडून दाखवीन म्हटल्यावर तयार झाल्या.

तुमच्या घरातली माणसं मला उशिरा कळली, पण कळली. मला आपल्यातली मोजत राहा.

तुमची,
वहिनी

दि. १० जुलै

चि. वहिनीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र तुमच्या भावजींना मोठ्याने वाचून दाखवलं. 'साबणासकट' या शब्दाशी आम्ही बराच वेळ थांबलो.

बायो, तुझे उपकार कोणत्या तोंडाने मानू? आम्ही दोघं तिची पोटची, आणि आम्हाला वाटत राहिलं की आई ही अशीच, ओरडणारी. तिचे कान झिजताहेत हे कुणाच्या मनातही आलं नाही. तू परक्या घरून आलीस आणि एका दुपारी ओळखलंस.

आईने मला खोल्या झाडून ठेवायला सांगितलं होतं, ते आता तुम्हा दोघांना सांगायला हरकत नाही. मी गेले होते. झाडून झाल्यावर नुसतीच बसले. पलीकडे कारखाना चालू होता. वेळ कसा गेला कळलं नाही, आणि बसल्या बसल्या एका नव्या खेळाचं सुचलं. त्यात कुणी बोलणारच नाही, मागे नुसते ठोके आणि पुढे हात. आईला विचार, त्या खोल्या मी बाहुल्यांसाठी वापरू का? ती नको म्हणाली तर किल्ली लगेच परत.

तिला डॉक्टर काय म्हणाले ते कळव. आणि हो, कानापाशी हात फिरवण्याचा अर्थ धाकट्याला माहीत आहे, तेव्हा जपून.

माझ्या घरी तुझ्या नावाची उशी कायम मांडलेली आहे, पण आता तोंड खुपसून हसायला नाही.

तुझी,
वन्सं

दि. ३० जुलै

चि. मोठीस,
अ. उ. आ.

खोल्या वापर गं, विचारतेस काय. घर वापरात असलेलं बरं. तुझ्या बाहुल्यांना तिथलं पाणी मानवेल. खिडकीची कडी मात्र आधी बसवून घे.

कानात यंत्र बसवलं. डॉक्टर म्हणाले, वर्षानुवर्षं ठोक्यांशेजारी राहिल्यामुळे कान असे झाले, यंत्राने बरंच ऐकू येईल, सगळं नाही. मी म्हटलं, सगळं ऐकून करायचंय काय.

पहिले दोन दिवस जीव नकोसा झाला. माझ्याच चपला फटक फटक वाजायच्या, मला वाटायचं मागून कुणी येतंय. धाकटा पुटपुटत नाही, चांगलं बोलतो. आणि बोलताना मधेच थांबून घसा साफ करतो, हुबेहूब यांच्यासारखा. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हातातलं भांडं खाली ठेवून बसले. सूनबाईचा आवाज किती गोड आहे, तुला सांगते. कागद तपासताना ती शब्द ओठांत बोलून बघते. मी समोर बसून ऐकते. काय पुस्तक आहे ते कळत नाही, पण बरं वाटतं. माझा आवाजही म्हणे उतरलाय. बश्या आता गप्प असतात.

मला त्या खोल्यांबद्दल राग नाही, हे तुम्ही दोघांनी लक्षात ठेवा. तिथेच संसार झाला, तिथेच तुम्ही वाढलात, त्या पत्र्यानेच आपल्याला जेवायला घातलं. त्याने माझे कान थोडे नेले तर नेले. तुझे हात आणि धाकट्याचा कान दिला की.

आता एकच सांगते आणि पुरे करते. तुम्ही दोघं तान्ही होतात तेव्हा दुपारी तुम्हाला झोपवलं की पलीकडे ठोके चालूच असायचे. तुमचा श्वास काही ऐकू यायचा नाही. माझा जीव राहायचा नाही. मग कामातून सारखी उठून यायचे, तुमच्या छातीवर तळवा ठेवायचे, वर-खाली झालं की परत जायचे. आई झाले ती अशी, हाताने.

काल दुपारी बुटकी माझ्याजवळ झोपली. सूनबाई आत काम करत होती. मी सवयीने हात पुढे केला आणि तेवढ्यात मला ऐकू आलं. बारीक, फुंकरीएवढं. आत, बाहेर. आत, बाहेर. मी हात मागे घेतला. सूनबाई उठून आली, मला असं बसलेलं बघून तिने हातानेच विचारलं, काय झालं? मी तिला हातानेच सांगितलं की बोलू नकोस, ऐकतेय.

तुम्ही सगळ्यांनी मला खूप दिलंत. सुखी राहा.

तुझी,
आई