कोपऱ्यातलं नाव

यवतमाळ,
१२ नोव्हेंबर २०२४

रहमत,

सलाम. तू अन् रौशनभाभी बरे असाल. राजूरची कोळशाची धूळ तशीच असल, अन् तुझा खोकलाही तसाच असल. डॉक्टरले दाखवजो, उगाच अंगावर काढू नको. मी ठीक आहे. शुगर निघाली, चहा फिका झाला, बाकी काही नाही.

फोन काहून नाही केला, म्हणशील. तू "हाव, बोल" म्हणलं असतं, अन् मी पाऊसपाण्याचं बोलून ठेवून देला असता. इतकी वर्षं तेच तर करून राह्यलो.

बातमी अशी, की आपल्या 'तीनपान' व्हिडिओ कंपनीले पंचवीस वर्षं झाली. आठवते काय, नाव ऐकून लोक विचारत, जुगाराचा अड्डा काढला काय बे? अन् तू म्हणे, कुठंही जा, पळसाले पानं तीनच, मंग आपल्या कंपनीले चार कायले लावता? येत्या रविवारी मोठा कार्यक्रम आहे. एडिटिंग आता माझी पोरगी आभा पाहते. कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी टीव्हीवर आपला जो लोगो येते, ते सारे लोगो पहिल्यापासून आजपर्यंत एका रांगेत दाखवायचे, असं तिनं ठरवलं.

आजचा लोगो म्हणजे नुसत्या तीन रेघा. मोबाईलवर साधं सपाटच चालते म्हणते. मी म्हणलं, बाई, हे पानं आहेत की खराट्याच्या काड्या? त्याच्या आधीच्यात पानांवरून पाण्याचे थेंब पडत. त्याच्याही आधी नागपूरच्या कॉम्प्युटरवाल्यानं करून देलेला, सोनेरी पानं गरगर फिरत अन् धडाम आवाज होये. माझी आई दर वेळी दचके अन् त्याले शिव्या दे.

अन् सगळ्यात पहिला तुझा. खिडकीची काच, पूर्ण काळी रंगवलेली, मधात पातळ हिरव्या रंगाची तीन पानं. तू काचेमागून कंदील सरकवत नेला, अन् एकेक पान पेटत गेलं. सतरा वेळा केलं आपण. तुझी बोटं भाजली, तरी तू म्हणे, अजून एकदा. खरं सांगतो, त्याच्यानंतर पैसा लागला, मशीन आल्या, पण तसं पेटलेलं पान कुणालेच जमलं नाही.

बोर्ड किराण्याचा असो की दवाखान्याचा, खाली उजव्या कोपऱ्यात पेंटरचं नाव असतेच. तो तुम्हा पेंटरांचा रिवाज. काचेवरही तू खिळ्यानं काळा रंग खरवडून लिहिलं, 'रहमत, राजूर'. तिसरं पान पेटलं की कंदील शेवटी तिथं येये अन् नाव उजळे.

टीव्हीवर मात्र ते कधीच आलं नाही. तू विचारलं. मी सांगतलं, टीव्हीची काच चित्राच्या कडा खाते. ते खरं होतं. मंग म्हणलं, मोठ्या टीव्हीत दिसल. ते साफ खोटं होतं.

तू त्या ईदले जुना टीव्ही देऊन एकवीस इंची आणला. मोहल्ल्यातले सारे बसले होते. रौशनभाभीनं शिरखुर्मा देला. पानं पेटली, कार्यक्रम सुरू झाला. तुझी अम्मी म्हणली, "नाम कहाँ है रे?" तू माझ्याकडं पाह्यलं. मी वाटीत पाह्यलं.

रहमत, टीव्ही कडा खाते हे मले शूटिंगच्या आधीच माहीत होतं. म्हणूनच मी कॅमेरा असा लावला, की तुझं नाव बरोबर त्या कापल्या जाणाऱ्या कडेत जावं. आपला पहिला कार्यक्रम केळापूरच्या देवीच्या यात्रेचा. वाटलं, देवीच्या आधी हे नाव पाहून कुणी बोललं तर? कुणी बोललं नव्हतं रे. तिथल्या पुजाऱ्यानं तर तुले जवळ बसवून जेवू घातलं होतं. भीती माझ्या एकट्याच्या पोटात होती. अन् पुढं लोक विचारत, लोगो कुणी काढला, तर मी म्हणे, मीच. दोन-चारदा म्हणलं, मंग जिभेले सवय झाली.

मागच्या आठवड्यात आभानं जुनी कॅसेट कॉम्प्युटरवर चढवली. तिथं कडा कापल्या जात नाहीत. तिसरं पान पेटलं, अन् कोपऱ्यात तू. ती म्हणली, "बाबा, हे रहमत कोण? लोगो तर तुम्ही काढला होता ना?"

माझ्या तोंडातून काय निघालं सांगू? "काप तो कोपरा. रांगेत बसत नाही." तिनं बिचारीनं कापला.

 चोवीस-पंचविशीतल्या पोराची भीती एक वेळ समजते. पण हा पन्नाशीले टेकलेला माणूस कोणाले भेऊन राह्यला? काल सकाळी आभाले सारं सांगतलं. ती उठली, कोपरा परत जोडला, अन् म्हणली, "मला सांगून काय उपयोग, बाबा? त्यांना सांगा."

म्हणून हे पत्र. अम्मी गेली तेव्हा मी मयतीलेही आलो नाही. राजूरच्या अलीकडं, वणीपर्यंत आलतो, बस स्टँडवर चहा घेतला, अन् परतीच्या गाडीत बसलो. तिच्या प्रश्नाचं उत्तर मले माहीत होतं, अन् ते न सांगताच तिले माती देणं जमलं नसतं. तिची माफी आता कुठं मागू?

रविवारी संध्याकाळी सहाले, नगर भवनात. पडदा बारा फुटांचा आहे. पानं कुणी काढली अन् नाव कुणी लपवलं, दोन्ही मी माइकवर सांगणार आहे, तू आला तरी अन् नाही आला तरी. आला तर भाभीले घेऊन येजो. शिव्या द्यायच्या असल्या तर साऱ्यांसमोर देजो, मी वाटीत पाहणार नाही.

खाली 'तुझा मित्र' लिहायले पेन टेकवला होता. नाही लिहिलं. ते शब्द तू परत देशील तेव्हाच लिहीन.

तुझं नाव कापणारा,
श्रीकृष्ण