चिठ्ठी लावलेले कागद

बाई, आपली हातकागदाची शेड सोडायची वेळ आली. तुम्ही असता तर आधी मला चार शब्द सुनावले असते, मग मालकाला. पण मालकाचं तरी काय चुकलं? नांदेडात आता पोरं डॉक्टर व्हायला येतात, कागद करायला नाही. आपल्या हौदाच्या जागी क्लासच्या पोरांची खानावळ होणार आहे. कागद उचलणाऱ्या दोघींना मालकानं पोळ्या लाटायला आत्ताच सांगून ठेवलंय, आणि त्या खुश आहेत. का नसतील? पोळी रोज खपते.

मी तुमच्याकडे नवीन होते तेव्हाचा एक दिवस काही केल्या डोळ्यांपुढून जात नाही. शिंप्यांकडच्या चिंध्या आणि अंबाडी कुटून माझे हात भरून आलेत, हौदात लगदा ढवळलाय, कुठल्यातरी शाळेच्या मुली रांगेत उभ्या आहेत. एकेक जण जाळीची चौकट पाण्यात बुडवते, सपाट वर उचलते, कागद कापडावर पालथा घालते आणि ओल्या कोपऱ्यात आपल्या नावाची चिठ्ठी दाबते. कागद वाळला की न्यायला यायचं, असं तुम्ही प्रत्येकीला बजावताय. एकीचा कागद नुसत्या गाठींचा झाला, म्हणून मी तो गुपचूप हौदात परत सोडायला निघाले, तर तुम्ही सगळ्यांदेखत माझं मनगट धरलं. ‘चिठ्ठी लावलेला कागद हौदात न्हाई टाकायचा. गाठी असू दे, भोकं असू दे, तिचा हाय तो. येईल न्यायला.’ मी दिवसभर फुगून बसले. संध्याकाळी तुम्ही भाजक्या शेंगांची पुडी माझ्यापुढं सरकवलीत आणि दुसरंच काहीतरी बोलत राहिलात. समजूत काढायची तुमची तीच रीत होती.

पण बाई, कोणी येत नाही हो. शाळा येतात, कॉलेजं येतात, फोटो काढतात, वा वा करतात आणि जातात. तुमच्या वेळीही फार कोणी येत नव्हतं, पण तुम्ही गठ्ठा काखोटीला मारून एसटीनं कंधारपर्यंत जायच्या, शाळेत देऊन यायच्या. मीही काही वर्षं केलं. एकदा हेडमास्तर म्हणाले, ‘ठेवा तिथं कोपऱ्यात.’ पुढच्या वर्षी गेले तर गठ्ठा त्याच कोपऱ्यात, दोरीसुद्धा सोडलेली नाही. मग मी जाणं बंद केलं. फळ्या छतापर्यंत भरल्या, कागदांना कसर लागली. शेड रिकामी करताना रद्दीवाल्याला द्यायला जीव धजेना, म्हणून मागच्या आठवड्यात सगळे हौदात भिजत घातले आणि दुसऱ्या दिवशी लगदा नालीत सोडून दिला. या खेपेला मनगट धरायला कोणी नव्हतं. नाली तुंबली, मालक ओरडला, मीच बांबूनं ढोसत बसले.

आणि परवा एक बाई दारात. कंधारकडच्या खेड्यातून आलेली, पदरानं घाम पुसत. ‘कागद करत्यात ते तुमीच ना? माझ्या लेकीचा एक हाय म्हणं इथं. शाळेसंग आली होती. लगीन झालं तिचं, तिकडं देगलूरला दिली. वह्या-पुस्तकं बापानं रद्दीत घातली. काल फोनवर म्हणली, आई, तेवढाच एक कागद उरला माझा, आणून ठेव.’

मी तिला रिकाम्या फळ्या दाखवल्या. काय केलं ते सरळ सांगितलं. तिनं हौदात वाकून पाहिलं.

‘समदेच?’

‘सगळेच.’

‘बरं. तिला सांगते, ठेवलाय म्हणून.’

तिनं पाणी मागितलं, प्याली, स्टँडला ऑटो कुठून मिळेल ते विचारलं आणि गेली. दुसरा एखादा कागद पुढं करावा, एवढंही मला सुचलं नाही. तिनं घेतलाही नसता.

हे पत्र कुठं जायचं नाही, म्हणूनच सांगवतं. ती दारात उभी राहून लेकीचा कागद मागत होती, तेव्हा मला आधी लाज वाटली नाही, वाईटही वाटलं नाही. मला आनंद झाला, बाई. कोणीतरी न्यायला आलं होतं.