मागची सीट नसलेल्या गाडीबाबत

मी, अमृत लोटन बोरसे, वय वर्षे सहासष्ट, सेवानिवृत्त एसटी चालक, राहणार देवपूर, धुळे, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, स्वतःच्या मर्जीने आणि चष्मा लावून लिहून ठेवीत आहे. माझी बुद्धी शाबूत असल्याचे डॉक्टरांचे पत्र सोबत जोडले आहे. माझा मुलगा स्वप्नील याला त्या पत्राबद्दल शंका आहे. तीन वर्षांपूर्वी मी उघड्या टपाची, दोनच माणसांची, सतरा वर्षे वापरलेली लाल मोटार विकत घेतली, आणि त्या दिवसापासून माझी कोणतीही सही ग्राह्य धरू नये असे त्याचे मत आहे. वकील हितेंद्र भामरे यांनी मात्र हौस आणि वेड या कायद्यात वेगळ्या गोष्टी असल्याचा निर्वाळा दिला, म्हणून पुढचा मजकूर लिहितो.

कलम १. देवपुरातील तीन खोल्यांचे घर मी माझ्या पगारातून बांधले. ते माझ्या पश्चात माझी पत्नी कोकिळा हिचे. तिच्या हयातीत ते कोणीही विकू नये, भाड्याने देऊ नये आणि तिला न विचारता तिथे फरशी बदलू नये. तिच्यानंतर मुलगी दिपमाला व मुलगा स्वप्नील यांनी ते निम्मे निम्मे घ्यावे. दिपमाला जामनेरला शिक्षिका आहे, तिला मोजमाप कळते. वाटणी तिने करावी आणि कोणता भाग घ्यायचा ते स्वप्नीलने आधी निवडावे, म्हणजे दोघेही प्रामाणिक राहतील.

कलम २. बँकेतील ठेव कोकिळाची. मुलांनी त्याबद्दल तिच्याशी बोलताना आवाज खाली ठेवावा.

कलम ३. पान्यांची पेटी, जॅक, ग्रीस गन आणि हवा मोजायचा काटा हे सर्व पुना अहिरे, राहणार साक्री, यांना द्यावे. पुना माझा कंडक्टर. एकोणीस वर्षे आम्ही एका गाडीवर काढली. त्याला पान्यातले काही कळत नाही, पण माझ्या वस्तू तो विकणार नाही एवढे मला ठाऊक आहे. माझे मेहुणे लीलाधर यांनी भर लग्नात, जेवणाच्या पंगतीत, माझ्या गाडीला आंघोळीचा टब म्हटले होते. त्यांना गाडीवर टाकायचे जुने कापड द्यावे. त्याला दोन ठिकाणी भोके आहेत, ती तशीच असू द्यावीत.

कलम ४. आता त्या गाडीविषयी. ही मालमत्ता कशी आली हे नीट लिहून ठेवा, असे वकीलसाहेबांनी सांगितले. त्यांना दोन ओळी अपेक्षित होत्या.

एकतीस वर्षे माझ्या पाठीमागे पन्नास माणसे, त्यांची पोती, कोंबड्या आणि भांडणे बसत असत. निवृत्त झाल्यावर मी सगळ्यांना सांगत सुटलो की आता मला पाठीमागे कोणीच नको. दोन सीटची, हलकी, टप उघडणारी, निव्वळ चालवण्याच्या मजेसाठी अशी गाडी हवी. मर्यादा अडीच लाखांची. नवी तर या मर्यादेत स्वप्नातही येत नाही, तेव्हा जुनीच बघायची. साठी ओलांडलेल्या, पोट सुटलेल्या माणसाने असे बोलू नये हे मला तेव्हाही समजत होते, तरी बोललो.

पहिली गाडी पाहिली जळगावला, एका व्यापाऱ्याकडे. परदेशी, चंदेरी, टप बटणावर आपोआप उघडे. त्या दिवशी तो अर्ध्यावर उघडला आणि तिथेच राहिला. किंमत माझ्या आवाक्यात कशी, याचे उत्तर पुढे मिळाले. पुढच्या एका दिव्याला काय पडते असे विचारले, त्यांनी आकडा सांगितला आणि मी तिचे दार अगदी हळू लावून निघालो. शिवाय ती जमिनीला इतकी टेकलेली की आमच्या कॉलनीच्या गतिरोधकावर तिला चौघांनी उचलून घ्यावे लागले असते.

दुसरी शिंदखेड्याला. फोनवर मालक म्हणाले, दोनच सीट आहेत, या बघायला. गेलो तर जीप. सीट खरेच दोन होत्या. मागे लोखंडी बाकडी होती आणि त्यांवर अकरा जण बसतात असे ते अभिमानाने सांगू लागले. मी म्हटले, मला मागे कोणी नको. ते म्हणाले, "मंग तुम्ही एकला फिरीसन काय करशात?" मी परतीची बस पकडली.

तिसरी जामनेरला. दिपमालाच्या ओळखीच्या एका गॅरेजवाल्याने साध्या लहान मोटारीचे छप्पर कापून काढले होते. दिसायला झोकदार. मी सवयीप्रमाणे जॅक लावून एक बाजू उचलली, तर दोन्ही दारे आपोआप उघडली. छप्परच त्या गाडीचा कणा होता आणि तो यांनी भंगारात घातला होता. वर आरटीओच्या पुस्तकात ती अजून छपराचीच. हीच गाडी मला सर्वांत जास्त आवडली होती हेही इथे कबूल करतो.

चौथी जळगावच्या एका दातांच्या डॉक्टरांची. गोव्याकडे कधीकाळी दोन सीटच्या गाड्या थोड्याशा बनल्या, त्यांतली. फायबरचे अंग, म्हणून पत्रा गंजायचा प्रश्न नाही. इंजिन लहान, साधे, हाताला येणारे. कापडी टप हाताने मिटायचा. मी एसटीच्या शिस्तीने तासभर तपासली. खाली झोपून चासी पाहिली, थंड इंजिन सुरू करून धूर पाहिला, चाके हलवून बघितली, पुस्तकावरचा नंबर चासीवरच्या नंबराशी ताडून पाहिला. कोणालाही अशी गाडी घ्यायची असेल तर हाच क्रम ठेवावा, आणि रंग सर्वांत शेवटी बघावा. मी रंग सर्वांत आधी बघितला होता.

मग चक्कर मारायला बसलो. डॉक्टर शेजारी. गिअर टाकला, क्लच दाबलेला, आणि मी तसाच बसून. मिनिटभराने डॉक्टरांनी विचारले, "नाना, काही अडचण?" मला लाजेने सांगता येईना की मी डबल बेल वाजायची वाट बघतोय. एकतीस वर्षे घंटीशिवाय माझा पाय क्लचवरून उठलेला नव्हता.

गाडी दोन लाख पस्तीस हजारांना ठरली. त्यानंतरचे हाल थोडक्यात सांगतो. धुळ्याच्या उन्हात टप उघडून फिरणे दिवाळी ते होळी, सकाळी सहा ते आठ एवढेच शक्य आहे. आत उतरायला मला मिनिट लागते आणि बाहेर यायला शेजारी. पहिल्याच दिवशी टोपी उडाली, ती कुसुंब्याजवळ एका बैलाने तुडवली. पेट्रोल पंपावर "छप्पर कधी येणार?" असे आजवर किती जणांनी विचारले याची मोजदाद नाही. स्वप्नील म्हणतो, "नाना, लोक हसतात." बरोबर आहे, मीही त्या लोकांत असतो तर हसलो असतो.

ती घरी आणली तेव्हा कोकिळा ओट्यावर आली, चारी बाजूंनी फिरली आणि म्हणाली, "हाई गाडीमा उभं ऱ्हावाले जागा नही शे का?" मुले हसली. मी हसलो नाही.

कलम ५. सदर लाल मोटार, तिची किल्ली, टप आणि आरसी पुस्तक, ज्याची मुदत मी २०३० पर्यंत वाढवून घेतली आहे, माझ्या पश्चात कोकिळा हिला मिळावे. ती चालवत नाही, शिकणारही नाही. तरी मिळावे. स्वप्नीलने ती विकण्याचा विषय काढू नये. मृत्युपत्रात कारणे लिहीत नाहीत, असे वकीलसाहेबांनी तीनदा सांगितले. मी लिहिणार आहे.

सन १९८८. मला नोकरीला दोन वर्षे झाली होती. बाजाराचा दिवस, साक्रीहून धुळ्याला येणारी माझी गाडी, आणि गाडीत पाय ठेवायला जागा नाही. कोकिळा आजारी आईला भेटून परत येत होती. दिपमालाच्या वेळचा सातवा महिना चालू होता. चालकाच्या घरचा पास तिच्याकडे होता, आणि आम्हा लोकांत एक रीत होती की पासवाल्याने तिकीट काढलेल्या माणसाला उठवायचे नाही. मी या रितीचा फार मोठा पुजारी. शिवाय नवीन होतो, ड्रायव्हरने बायकोला जागा करून दिली असे कोणी म्हणू नये याची मला भारी काळजी. मी पुनाला सांगितले नाही की ही माझी बायको आहे. ती दांड्याला धरून साक्रीपासून धुळ्यापर्यंत उभी राहिली. वाटेत नेर गावी एकदा माझ्या डोक्यावरच्या आरशात तिने माझ्याकडे पाहिले. मी नजर रस्त्यावर नेली. रस्ता सरळ होता, तिथे बघण्यासारखे काही नव्हते.

धुळ्याला उतरल्यावर ती माझ्यासाठी थांबली नाही. पुनाला दुसऱ्या दिवशी कळले. तो म्हणाला, "भाऊ, एक शब्द सांगना व्हता. मी मनी सीट दिनी ऱ्हाती." आठवडाभर तो माझ्याशी कामापुरतेच बोलला.

त्यानंतर आजतागायत कोकिळा मी चालवीत असलेल्या कोणत्याही वाहनात बसलेली नाही. माझी पाळी असेल ती बस ती सोडून देई आणि मागच्या बसने येई. मी स्कूटर घेतली तेव्हा बाजारातून भाजीची पिशवी माझ्यामागे बसून येई आणि ती पायी. भांडण नाही, टोमणा नाही. स्वयंपाक, मुले, माझी दुखणी, सगळे तिने केले. मी एकदाही विषय काढला नाही. रोज पन्नास माणसांना सुखरूप पोचवल्याचा मला बिल्ला मिळाला आहे, तो घरी कपाटात आहे, तो कोणालाही नको असल्यास फेकून द्यावा.

ही गाडी मी मजेसाठी घेतली असे सर्वांना सांगितले ते अर्धेच खरे होते. दोनच सीट असलेली गाडी मला अशासाठी हवी होती की एक माझी आणि दुसरी कोणत्याही रितीने, कोणत्याही गर्दीत, फक्त तिची असेल. तीन वर्षे ती सीट मी दर रविवारी पुसतो. तिला "बस" म्हणायची हिंमत झाली नाही. माझे चुकले. मी तेव्हाही हे जाणत होतो आणि मला तिची माफी मागायची आहे. हयातीत जमले नाही तर या कागदाने मागावी.

कलम ६. माझ्या अंत्यविधीला बसची सोय करू नये. ज्याला यायचे तो येईल.

पुरवणी (माझ्या हस्ताक्षरात)

वरील मजकूर टाईप करून आणला आणि सहीची वेळ वकीलसाहेबांच्या कचेरीत आज सकाळी अकराची ठरली होती. काल मी कागद टेबलावर ठेवून झोपलो. कोकिळा सातवीपर्यंत शिकली आहे आणि वर्तमानपत्र रोज शेवटच्या पानापर्यंत वाचते, हे माझ्या लक्षात राहिले नाही. आज पहाटे चहाच्या कपाखाली कागद होता. ती समोर बसलेली.

ती म्हणाली, "तुम्ही माले आरशामा दखं व्हतं ना?"

मी म्हटले, "दखं व्हतं. चुकनं मनं."

"मंग हाई सदतीस वरीस वकीलले सांगाकरता ठेयेल व्हतं का?"

मग तिने कलम पाचवर बोट ठेवले. "आनि तुम्ही नही ऱ्हाशात तवय मी हाई गाडीमा कोनाजोडे बसू?"

एवढा कायदा वकीलसाहेबांना सुचला नव्हता, मलाही नाही. मी लगेच किल्ली घेतली, गाडीचे दार उघडून उभा राहिलो. ती कागद पिशवीत घालून माझ्या शेजारून निघून गेली आणि कोपऱ्यावर जाऊन म्हणाली, "आठून नही. जठून उभी ऱ्हायनू तठूनच बसीसन येसू." आणि सातच्या साक्री बसमध्ये चढली.

मी तिच्या बसमागे धुळे ते साक्री गाडी चालवली. टप उघडा, शेजारची सीट रिकामी, तोंडावर बसचा धूर. मागच्या काचेतून दोन पोरी मला हात करीत होत्या. बसचा चालक क्लच फार वापरतो असे माझे मत झाले, पण ते इथे अप्रस्तुत आहे.

ती साक्री स्थानकावर उतरली आणि आम्ही पुनाच्या घरी गेलो, ती पुढे पायी, मी मागे गाडीत. वकीलसाहेबांना फोन केला. ते म्हणाले, दोन साक्षीदार कुठलेही चालतात, फक्त सही त्यांच्यासमोर करा आणि जे खोडाल तिथे सगळ्यांच्या सह्या घ्या. त्याप्रमाणे पुना व त्याचे शेजारी यांच्यासमोर कलम ५ मधील पहिली चार वाक्ये, म्हणजे मोटारीची वाटणी, खोडून रद्द केली आहेत. कारणे तशीच राहू द्यावीत. गाडी या मृत्युपत्रातून वगळली आहे. माझ्यानंतर तिचे जे व्हायचे ते होवो, स्वप्नीलने विकली तरी हरकत नाही. बाकी कलमे कायम.

पुना मला आणखी एक कप चहा घ्या म्हणतो आहे. घेणार नाही. कोकिळा बाहेर गाडीत जाऊन बसली आहे.

सही: अमृत लोटन बोरसे

साक्षीदार:
१. पुना दगा अहिरे, सेवानिवृत्त वाहक, राहणार साक्री
२. ज्ञानेश्वर सोमा भदाणे, शिवणकाम, राहणार साक्री

ठिकाण: ~~धुळे~~ साक्री
दिनांक: २० नोव्हेंबर २०२५, सकाळी साडेनऊ