दोन स्पीकरच्या मधली जागा

प्रिय मामा,

उद्या सकाळी तुम्हाला कौल लावायचा आहे, म्हणून आज लिहिते आहे. पत्राची कल्पना माझी नाही. मामी म्हणाली, "आधी कळव त्यांना. एकदम विचारलं की ते बिघडतात." मी विचारलं, कसं कळवू? ती म्हणाली, "तू शिकलेली ना गो? चिठ्ठी लिव आन् त्यांच्या पाटाखाली ठेव."

तर तुमच्या ओटीवर बसून लिहिते आहे. समोरच्या खाचरात कापलेलं भात वाळत पडलंय. सिद्धगड स्वच्छ दिसतो आहे. मेलेल्या माणसाला पत्र लिहिण्यात काही अर्थ आहे असं मला वाटत नाही, हे आधीच सांगते. तुम्हाला खोटं चालायचं नाही.

उन्हाळ्यात तुम्ही मला किती फोन केलेत, आठवतं? कंपनीत जेवणाची सुट्टी झाली की तुमचा फोन यायचा. "बाय, स्पीकर भिंतीला टेकवू का पुढं ठेवू?" "बाय, वर पत्रा हाये, पावसात काय ऐकू येल?" मी दिवसभर सर्किट तपासते, म्हणजे मला दुकानातलं सगळं कळतं अशी तुमची समजूत होती. मुरबाडच्या दुकानदाराचं तुम्ही एक ऐकायचा आणि ते खरं का म्हणून मला विचारायचा.

"हजार वॅट बोलतो तो. खरं का गो?"

"ते डब्यावर असतं, मामा. आत नसतं."

"म्हणजे आमच्या सरपंचाच्या बॅनरसारखं."

मी हसले नाही. मी घाईत होते. आता हसू येतं, त्याचा काय उपयोग?

सल्ला मी योग्य दिला होता. कारखान्यात प्रेस मशीनवर इतकी वर्षं काढून तुमचा डावा कान गेलेला. दोन स्पीकर लागतात ते दोन कानांसाठी. एका कानाच्या माणसाला एक चांगला स्पीकर पुरतो, पैसेही वाचतात. हे मी तुम्हाला स्पष्ट सांगितलं. तुम्ही म्हणालात, "दोनच पायजेत. कुठं ठेवायचे तेवढं तू सांग." मला वाटलं, शेजाऱ्यांना दाखवायला हवेत. मामा, तुम्ही कारण का नाही सांगितलंत?

मग एका रविवारी मी शहापूरहून मोजायची टेप घेऊन आले. मधल्या भिंतीवर टीव्हीची जागा सोडली, कारण तुमचं ठरलं होतं, "आधी आवाज, टीव्ही दिवाळीला." दोन बाजूंना दोन स्पीकर ठेवले. समोर, दोघांपासून सारख्या अंतरावर, एक खुर्ची. तिच्यावर मामीला बसवलं आणि रेडिओ लावला. कुणीतरी खतांबद्दल बोलत होता.

मामीनं बोट केलं. स्पीकरकडे नाही. मधल्या कोऱ्या भिंतीकडे.

"तिथून बोलतोय," ती म्हणाली. "तिथं कोण हाये?"

कुणी नाही, मी समजावलं. दोन्ही कानांना सारखाच आवाज सारख्याच वेळी पोचला की डोकं तो मधे नेऊन बसवतं. मधे काहीच नसतं. हे सगळ्यांना होतं, यात नवल नाही. तुम्ही खुर्चीवर बसून पाहिलंत, मान इकडे तिकडे फिरवलीत. तुम्हाला आवाज उजवीकडूनच येत होता, तसाच यायला हवा होता. तुम्ही उठून मामीला पुन्हा बसवलंत आणि तिच्या बोटाकडे बघत राहिलात. "मला नाय कळत," म्हणालात. "हिला कळतं ना? बस."

मला एसटीला सोडायला आलात तेव्हा फाट्यावर तुम्ही एक प्रश्न विचारलात. "मधला आवाज उद्या तिथंच ऱ्हाईल ना? माणूस उठून गेला तरी?"

मी म्हटलं, स्पीकर हलवले नाहीत, वायरी बदलल्या नाहीत, तर राहील.

"कोणी हलवनार नाय," तुम्ही म्हणालात.

लावणीच्या आधीच तुम्ही गेलात. बांधावर बसलात ते उठला नाहीत. तुम्हाला माहीत होतं का? डॉक्टर काही बोलले होते का? तुम्ही आवाजाबद्दल विचारत होता की दुसऱ्याच कशाबद्दल? आणि मी वायर किती जाड घ्यायची ते सांगत बसले.

तेरा दिवस स्पीकरवर चादर होती. चौदाव्या दिवशी मामीनं चादर काढली, रेडिओ लावला, खुर्चीवर बसली, आणि स्वयंपाकघरातल्या माझ्या आईला हाक मारून म्हणाली, "वन्स, हे बगा. आले. बसलेत."

तेव्हापासून तुमचा जेवायचा पाट त्या भिंतीखाली आहे. मामी सकाळ-दुपार रेडिओ लावते आणि भिंतीशी बोलते. मी एकदा समोर बसून ऐकलं. एक बाई बातम्या देत होत्या. मामी म्हणाली, "हो, आनते." मी विचारलं, काय आणतेस? बाई तर धरणाच्या पाण्याचं सांगतायत.

"ती तिचं सांगते. हे तिच्या आवाजाखालून बोलतात."

"काय बोलतात?"

"घरातलं. तुला कशाला?"

भीती वाटण्यासारखं काही नव्हतं. ती जेवत होती, गोळ्या घेत होती. पण दादाला ते पाहवेना. तुमचा मुलगा वाईट नाही, मामा. आईची साखर वाढलेली, एक पाय सुजलेला, घरात एकटी. उद्या काही झालं तर शहापूरहून पोचायला किती वेळ लागतो, त्याला ठाऊक आहे. तुमच्या वेळी तो वेळेत पोचला नव्हता. तिला कायमचं शहापूरला नेतो म्हणाला, तर ती म्हणते, "यांना सोडून कशी येऊ?" तेव्हा त्यानं मला विचारलं, "तो मधला आवाज बंद करता येतो का?"

येतो. एका स्पीकरची लाल आणि काळी वायर उलटी जोडायची. मग एक स्पीकर हवा पुढं ढकलतो तेव्हा दुसरा मागं ओढतो, आणि मधला आवाज मोडतो. काही बिघडत नाही, बाहेरून काही दिसत नाही. मामी मागच्या दारी भांडी घासत होती. अँप्लिफायर बंद होता. मी डाव्या स्पीकरच्या मागं वाकले, दोन स्क्रू सैल केले, वायरी बदलल्या, स्क्रू आवळले. कसलाही आवाज झाला नाही.

मागचं भांड्यांचं घासणं थांबलं. मामी ओल्या हातांनी दारात आली.

"त्यांना उठवलंस का गो?"

मोरीतून तिला स्पीकरची मागची बाजू दिसत नाही. मी नंतर त्या मोरीत बसून पाहिलं, भिंत आड येते. मग तिला कळलं कसं, मामा?

रेडिओ लावला. मधे कुणी नव्हतं. पुस्तकात लिहिलंय तसंच झालं. आवाजाला जागा राहिली नाही. तो कोपऱ्यातून येत होता, पत्र्याखालून येत होता, माझ्या मानेमागून येत होता. असंच होणार हे मला माहीत होतं. तरी मी मागं वळून पाहिलं.

मामी खुर्चीवर बसलीच नाही. उभ्यानं सगळ्या घराकडं बघत म्हणाली, "घरभर झालेत. बसायला जागा नाय त्यांना."

दादाला वाटलं, दोन दिवसांत निवळेल. मलाही वाटलं. दोन दिवस ती या खोलीतून त्या खोलीत फिरत राहिली. ताट वाढायची आणि कुठं ठेवायचं ते न कळून हातात धरून उभी राहायची. स्वतः जेवलीच नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी शेजारच्या यमुनाकाकूंना ती ओढ्याच्या वाटेवर दिसली. अनवाणी, काखेत तुमचा पाट. ओढ्यापलीकडं काय आहे ते तुम्हाला सांगायला नको. तिथंच तुम्हाला नेलं होतं.

"वयनी, कुठं निघाल्यात?" काकूंनी विचारलं.

"यांना बसायला जागा बगते."

काकूंनी तिला घरी आणून माझ्याकडं फोन केला. मी अर्धी रजा टाकून आले आणि वायरी सरळ केल्या. या वेळी मामी समोर उभी राहून बघत होती. शेवटचा स्क्रू आवळला तशी ती चुलीकडं वळली. रेडिओ अजून लावला नव्हता. "बसले," ती म्हणाली आणि तिनं भात टाकला.

दादा माझ्यावर चिडला. बरोबर आहे त्याचं. म्हणाला, "तू तर इंजिनियर ना? तूपण मानायला लागलीस?" मी म्हटलं, मी काही मानत नाही. मी उलटी वायर सरळ केली.

मग ठरलं कौलाचं. दादा म्हणाला, देवीला कौल लावू, देवी सांगेल तसं. मामी म्हणाली, "देवीला काय ठाव यांचं? यांनाच इचारू." देवीच्या दोन खांद्यांना लावतात तशा दोन ओल्या पाकळ्या उद्या दोन स्पीकरना लावायच्या. मग रेडिओ लावायचा आणि मामीनं खुर्चीवर बसून विचारायचं: "शहापूरला यायचं का?" उजवी पाकळी आधी पडली तर हो. डावी पडली तर नाही. उजवी पडली तर ती येते, तिनं शब्द दिलाय. डावी पडली तर दादानं पुन्हा विषय काढायचा नाही. त्यानंही शब्द दिलाय. जास्वंद काकूंच्या परसातून येणार आहे.

पण मघाशी ओटीवर दादा माझ्याशेजारी येऊन बसला. हळूच म्हणाला, "बॅलन्सचं बटण असतं ना? सकाळी उजवीकडं फिरव थोडं. एवढंसंच. तिच्या भल्यासाठीच ना गो?"

एवढंसंच पुरेल, हे त्याला कुणी सांगायला नको. उजवा स्पीकर जास्त हलेल, उजवी पाकळी आधी पडेल. मामी डोळ्यांनी बघेल आणि पिशवी भरेल. तिच्या पायाला डॉक्टर मिळेल. यात वाईट काय आहे, हे मी बराच वेळ शोधते आहे. मला पटेल असं एकच कारण सापडलं. त्या खुर्चीवर बसून ती जे ऐकते, ते मी फिरवलेल्या बटणातून आलेलं नसावं.

आणि बटण मधोमध ठेवलं तर? दोन्ही पाकळ्या सारख्या आकाराच्या, आवाज सारखा, अंतर सारखं. मग उजवी आधी पडायला कारण नाही आणि डावी पडायलाही नाही. पण एक तर पडेलच. कोणती, ते मला सांगता येत नाही. माझ्या कामात असा प्रश्न येत नाही, मामा. या वेळी सल्ला तुम्ही द्यायचा आहे.

आत्ता हे लिहिताना आत मामी बोलते आहे. एक वाक्य बोलते, थांबते, मग पुढचं बोलते. थांबणं प्रत्येक वेळी सारखं नाही, समोरच्याचं ऐकून घेताना माणूस थांबतो तेवढं कमी-जास्त आहे. आत्ताच एकदा हसली. मी उठून दारातून पाहिलं. अँप्लिफायरचा दिवा बंद होता. प्लगही काढलेला.

मी ओटीवर परत येऊन बसले.

तुम्हाला वचन देते. उजवी पडली, तर शहापूरला दादाच्या हॉलमध्ये मी स्वतः मापं घेईन, हेच स्पीकर, हीच खुर्ची, आणि मधली भिंत कोरी ठेवीन. तिथं तुम्ही आलात की नाही हे मला कळणार नाही. मामीला कळेल, आणि ती नाही म्हणाली तर मी तिला खोटं सांगणार नाही. डावी पडली, तर दर रविवारी मी इथं येईन, तिच्या पायाला पट्टी बांधीन, साखर तपासीन, आणि दादाला मीच समजावीन. बटणाला हात लावणार नाही, त्यालाही लावू देणार नाही.

दोन्ही पाकळ्या मी सारख्याच भिजवीन.

तुमची भाची,
सुजाता